तुझ्या नावाच्या मोर्चाआधी

थावरू, उद्या सकाळी तुझ्या नावाचा मोर्चा निघणार आहे.

तुला हसू येईल. तू कधी मोर्चात आलाच नाहीस. आम्ही कॉलेजच्या फाटकाशी घोषणा देत असायचो आणि तू सायकल हातात धरून कडेकडेनं आत जायचास. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणायचास, "घसा सांभाळ बे, संध्याकाळी प्रूफं वाचायची हायेत." उद्या मात्र तू सगळ्यांच्या पुढे असशील. परीक्षेच्या अर्जासाठी तू काढलेला तो फोटो, ज्यात तू श्वास रोखून बसला आहेस, तो मोठा करून आणायला माणूस नागपूरला गेला आहे. त्याला हार घालतील. मग हातगाडीवर ठेवून गावभर फिरवतील.

आज दुपारपासून गाव वेगळं वाटतं आहे. रस्त्याचं काम कुठेच चालू नाही, तरी डांबराचा वास येतो आहे. कुणी डांबर फासायच्या आधीच बाजारातल्या शिंप्यानं दुकानावरची इंग्रजी अक्षरं स्वतःच चुन्यानं पुसून टाकली. डॉक्टरांनी आपल्या पाटीवर पोतं टांगलं. ते पोतं वाऱ्यानं हलतं, पाटी दिसते, आणि कंपाउंडर पुन्हा पुन्हा बाहेर येऊन ते सरळ करतो. ओळखीची पोरं रस्त्यात भेटली की आज थांबत नाहीत, मान हलवून पुढे जातात. जिनिंगच्या भिंतीवर तुझं नाव गेरूनं लिहिलं आहे. त्यापुढे एक शब्द आहे: "बदला".

कशाचा बदला, थावरू? तुला साप चावला.

हे मी वसंतालाही सांगितलं. वसंता, आपल्या विद्यार्थी समितीचा अध्यक्ष, सकाळीच आमच्या प्रेसमध्ये आला. बाबा ट्रेडलवर लग्नपत्रिका छापत होते. वसंतानं त्यांना नमस्कार केला आणि माझ्याजवळ स्टूल ओढून बसला. त्याचे डोळे लाल होते. तो खरोखर रडला होता, हे मला नाकारायचं नाही.

"पत्रकाचं नाव म्या ठरवून आणलं," तो म्हणाला. "इंग्रजीचा बळी. सगळ्यात मोठ्या टायपात. खालचा मजकूर तू लिही. तुह्यासारखं लिहिणं कोणाले जमते?"

"वसंता, तो साप चावून गेला."

"साप निमित्त असते."

"निकालानंतर तो हसत इथं आला होता. याच स्टुलावर बसला होता."

"आता कायले कीस पाडून राह्यला? पोरगा नापास झालता का नाई? झालता. गेला का नाई? गेला. लोकायले एवढंच समजते."

"मोर्चा कुठून जाणार?"

त्यानं स्टूल मागे सारलं. "कॉलेजवर. अन् मंग त्या इंग्रजीच्या जेकब मास्तराच्या घरावरून."

"घरावरून की घरावर?"

वसंता उठला. "तू पत्रक लिहून ठेव. दुपारी पोरगं पाठवतो," असं म्हणून निघून गेला. बाबांनी ट्रेडल थांबवलं होतं. ते हाताची शाई पुसत बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

ज्यांनी तुला पाहिलेलं नाही, तेही हे वाचतील. त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तू रागावू नकोस.

माझी बाराखडी पत्रकांवर झाली. बेचाळीसात बाबांनी चोरून छापलेल्या कागदांचे उरलेले गठ्ठे आमच्या घरात फळ्यांवर अंथरलेले असायचे, डब्यांखाली, देव्हाऱ्यातसुद्धा. आई डबा उचलायची आणि मी खालची ओळ वाचायचो. "उठा", "जागे व्हा", "हाकला" हे शब्द मला "कमळ", "बदक"च्या आधी वाचता यायला लागले. त्यामुळे कॉलेजात आल्यावर इंग्रजीचा नियम पाहिला तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. पत्रकच सुचलं.

नियम सगळ्यांना माहीत आहे. कलाशाखेच्या मुलानं इतिहास घ्यावा, मराठी घ्यावं, काहीही घ्यावं. आवश्यक इंग्रजीचा पेपर सुटला नाही, तर बाकीचं सगळं सुटलेलंही बुडालं. परकी भाषा यायला हवी, त्याशिवाय माणूस पदवीधर नाही. मी लिहिलं होतं, "ज्यांचं राज्य गेलं त्यांची भाषा आमच्या पोरांच्या मानेवर बसून आहे." ते मी आजही मागे घेत नाही. अक्षरसुद्धा मागे घेत नाही.

तू तेव्हा नुकताच आमच्या प्रेसमागच्या पडवीत राहायला आला होतास. आर्णीकडच्या बंजारा तांड्यातला पहिला मुलगा, कॉलेजात आलेला. संध्याकाळी तू बाबांना ट्रेडलवर मदत करायचास, त्याबदल्यात पडवी आणि जेवण. ते पत्रक छापून झालं तेव्हा तू पहिली प्रत उचललीस, दिव्याखाली धरून पूर्ण वाचलीस आणि म्हणालास, "लिहिलं झकास. पण तू कोणासाठी लिहिलं?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

"मले तर इंग्रजी पाह्यजे."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते संपलं नाही.

तू मला कोर्टाची गोष्ट सांगितलीस ती कडुनिंबाखाली, हात काळे असताना. तुझ्या बापूच्या शेताचा दावा होता. तू लहान होतास. बापू हात जोडून उभा होता आणि तू त्याच्या धोतराला धरून. वर न्यायाधीश, खाली दोन वकील, आणि सगळं बोलणं इंग्रजीत. मधेच एक वकील हसला. बापूला वाटलं, काहीतरी चांगलं झालं असावं, म्हणून तोही हसला. न्यायाधीशांनी काही सांगितलं. बापूनं वाकून नमस्कार केला. बाहेर आल्यावर वकिलानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, दावा हरलास.

"म्हणजे पाह्य," तू म्हणालास, "माह्या बापानं आपलं वावर गेल्याबद्दल नमस्कार केलता. हसून."

माझं डोकं भडकलं. "मग हेच तर म्हणतोय मी! कोर्टातून काढा इंग्रजी. कॉलेजातून काढा."

"काढ ना. मी कोठी नाई म्हणतो? पण तू काढेस्तोवर मी काय करू? हात जोडून उभा राहू?"

"पाच-दहा वर्षांत सगळं मराठीत होईल."

तू हसलास. तुझं ते हसणं मला कधी आवडायचं नाही. दुसऱ्याचं लेकरू पडल्यावर माणूस हसतो तसं, मायेचं आणि थोडं वरचढ. "होऊ दे. अन् मंग माही याडी, माही माय, कोर्टात गेली तर तिले समजन?"

मी कडुनिंबाची एक काडी उचलून मोडू लागलो.

"तिले मराठी बी तुमच्या इंग्रजीसारखीच हाय, भाऊ. मी तुमच्या शाळेत पहिल्या दिवशी गेलतो तेव्हा मास्तर काय बोलते, एक शब्द समजत नोता. मार खाऊन खाऊन शिकलो मराठी. तेव्हा कोणी पत्रक काढलं नाई." मग माझा चेहरा पाहून तूच सावरलंस. "अबे, तोंड काहून पाडतं? तुही मराठी मले आवडते आता. मार विसरलो."

मी म्हणालो होतो की तो प्रश्न वेगळा आहे. तू म्हणालास, बरं, वेगळा तर वेगळा, चाल जेवाले. त्याचं उत्तर मी शोधतच होतो. अजून सापडलेलं नाही, आणि आता ज्याला द्यायचं तोच नाही.

रविवारी तू जेकब सरांकडे जायचास. सर केरळातले, कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. बाई आणि सर दोघंच, चर्चमागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यांनी तुला सांगितलं होतं की पाठ केलेले निबंध माझ्यासमोर म्हणायचे नाहीत. दर रविवारी तांड्यातली एक गोष्ट इंग्रजीत सांगायची. बैल कसा विकत घेतात ते सांग. याडीच्या घागऱ्यावर आरसे कसे शिवतात ते सांग. तू परत येताना रस्त्यातून ते स्वतःशी बोलत यायचास, आणि सुट्टीत तांड्यात गेलास की बैलांपुढे. "बैल आयकते," तू म्हणायचास, "मधात टोकत नाई."

आणि सरांना तू मराठी शिकवायचास. त्यामुळे सर पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलता बोलता मधेच वऱ्हाडी होतात. स्टाफरूममध्ये सगळे हसतात. "थावरूनं सांगितलंय, 'का' म्हणू नका, 'काहून' म्हणा, म्हणजे भाजीवाली भाव वाढवत नाही," असं सर गंभीरपणे सांगायचे.

परीक्षेचे पेपर सर तपासत नाहीत. ते गठ्ठे बाहेर जातात, कुठल्या गावी जातात तेही इथं कुणाला ठाऊक नसतं. वसंताला हे माहीत आहे. समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी भिंतीवर तुझ्या नावाखाली आता सरांचं नाव येऊ लागलं आहे.

निकालाचा दिवस मला वसंताला सांगायचा होता, त्यानं ऐकून घेतला नाही. म्हणून इथं लिहितो. तू उन्हातून आलास, डोक्यावर ओलं फडकं. इतिहासात कॉलेजात पहिला. मराठीतही पुढे. इंग्रजी गेलं, म्हणजे सगळं गेलं. पुन्हा. मी खुर्चीवरून उठलो आणि जे तोंडात येईल ते बोलू लागलो, त्या नियमाच्या आईबापावरून.

तू माठातलं पाणी प्यायलास. मग म्हणालास, "पण बे, या टायमाले शेवटचा सवाल मले समजला होता. पूर्ण समजला होता. लिहाले वेळ पुरला नाई."

"तुला राग येत नाही?"

"येते ना. पण तो घेऊन काय करू? तू पत्रक लिही, मी पेपर लिहितो. पाहू पहिले कोण पास होते."

बाबा मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. त्या दिवशी आईनं तुला वांग्याची भाजी वाढली, आणि तू भाकरीवर भाकरी घेतलीस. ज्याला जीव द्यायचा असतो, तो असा जेवत नाही. मला तेवढी तरी पारख आहे.

मग तू घरी गेलास, बापूला पेरणीआधीच्या कामात हात द्यायला. बैलांसाठी कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना नाग चावला. गाडी जुंपून रस्त्याला आणेपर्यंत सारं संपलं. एस.टी. समोरून आली तेव्हा बापूनं हात केलाच नाही, ती निघून जाऊ दिली.

आम्हाला उशिरा कळलं. समितीची आम्ही पाच-सहा जणं तांड्यावर आलो. मी तुझ्या घरी पूर्वी आलो होतो, पण एकदाच. तेव्हा तू फाटकाशी येऊन म्हणाला होतास, "आव, बेस," म्हणजे ये, बस, आणि मला हे दोन शब्द परत म्हणायला लावले होतेस. या वेळी कुणी काही म्हणालं नाही. तांड्याचा नायक उठून उभा राहिला, आम्हाला घोंगडीवर जागा दिली.

याडी आत बायकांमध्ये बसली होती, डोक्यावरून पदर, पुढेमागे झुलत. ती रडत होती म्हणावं तर ते गाणं होतं, आणि गाणं म्हणावं तर मध्येच तिचा श्वास तुटायचा. एक ओळ ती म्हणायची, बाकीच्या बायका शेवट उचलायच्या. तूच मला सांगितलं होतंस की तुमच्यात बायका रडतात ते असं, बोल जोडून. पाहुणी फार दिवसांनी आली तरी, पोर सासरी निघाली तरी, आणि माणूस गेलं तरी. तू कॉलेजात यायला निघालास तेव्हाही याडी अशीच रडली होती आणि तुला लाज वाटली होती. म्हणून मला कळलं की ती काहीतरी सांगते आहे. कुणाला दोष देते आहे की काय, हे मात्र कळेना. त्या सुरात तो अर्थ मला तरी ऐकू येत नव्हता.

वसंता माझ्या कानाशी वाकला. "आयक. शाप देऊन राह्यली."

"तुला समजतं?"

"शाप समजाले भाषा लागत नाई."

तो उठून पुढे गेला, बापूसमोर उभा राहिला आणि मोठ्या आवाजात म्हणाला की तुमच्या मुलाचं रक्त वाया जाणार नाही. बापू त्याच्याकडे बघत राहिला. रक्त कुठे सांडलं, ते त्याला कळेना. मग त्यानं हात जोडले. तू सांगितलेल्या कोर्टातल्यासारखे. मला तिथं बसवेना.

मी बाहेर येऊन तुझ्या बहिणीजवळ उभा राहिलो. जमना दारव्ह्याच्या बाजारात बसते म्हणून तिला मराठी येतं. मी तिला विचारलं, याडी काय म्हणते आहे. ती आधी सांगायला तयार नव्हती. "ते आमचं हाय," एवढंच म्हणाली. मग माझं काय पाहिलं कुणास ठाऊक, ती दाराच्या चौकटीला टेकून, आतल्या ओळीमागून एकेक ओळ मला सांगू लागली, बाजारात भाव सांगावा तशा कोरड्या आवाजात.

"ती म्हणते, माह्या लेका, तू याडीसंगं आपली भाषा बोले. बाजारात त्याईची बोले. बैलापाशी बसून साहेबाची बोले, अन् बैल कान हालवे. म्हणते, ज्याच्या त्याच्या दाराशी ज्याची त्याची भाषा घेऊन गेला. आता ज्याच्या दाराशी गेला, त्याची भाषा कोणती हाय? म्हणते, तेथं तुले समजन का? नाई समजलं तर कोणाले इचारशीन?"

मग ती थांबली. आत याडी बराच वेळ एकच ओळ परत परत म्हणत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"म्हणते, तेथं तुले मास्तर भेटो."

शाप नव्हता, थावरू. मागणं होतं. तिथंही तुला शिकवणारा मास्तर मिळो म्हणून.

परतीच्या गाडीत मी हे सगळ्यांना सांगितलं.  एकजण म्हणाला, तिची पोरगी लहान आहे, तिला काय कळतं. वसंता खिडकीबाहेर बघत होता. आणि काल संध्याकाळी सभेत तो टेबलावर चढून म्हणाला, "त्या माउलीनं टाहो फोडून आपल्याकडे न्याय मागितला हाय!" टाळ्या झाल्या. मातृभाषेसाठी भरलेली सभा होती ती. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही त्या मातेची भाषा येत नव्हती. मलाही येत नाही. पण मी विचारलं तरी होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, ती असं म्हणाली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "बस खाली, जेकबचा चेला!" ज्या पोरांनी माझी पत्रकं पाठ म्हटली आहेत, त्यांच्यातलाच आवाज होता. मला तो ओळखता आला, हेच वाईट.

आज दुपारी वसंताचा माणूस मजकूर न्यायला आला तेव्हा मी नाही म्हटलं. बाबा म्हणाले, "तू नाही दिलास तर दुसरीकडे छापतील." छापलंही असेल आतापर्यंत. मी ठाण्यावर जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी मोर्चाला परवानगी आहे, एवढं सांगितलं आणि मी कोण, कुठे राहतो, हे विचारून घेतलं.

मग मी सरांकडे गेलो. ते ओट्यावर बसून तुझी जुनी वही चाळत असतील, असं मला वाटलं होतं. ते पायऱ्या धूत होते. बादली, खराटा, धोतराचा काचा. बाईंना बरं नाही, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की आजच्या आज बाईंना घेऊन वर्ध्याला नाहीतर नागपूरला जा, दोन दिवस. निदान कॉलेजात जाऊन सगळ्यांसमोर सांगा की पेपर तुम्ही तपासत नाही.

"मुलगा गेला," सर म्हणाले, "आणि मी माझं निर्दोषपण सांगत फिरू? काहून?"

तो शब्द तुझा होता.

त्यांनी खराटा भिंतीला लावला. "उद्या किती मुलं येतील?"

"पुष्कळ, सर."

"थावरूची मित्रमंडळी सगळी?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

"मग आज पाणी भरून ठेवायला पाहिजे. शेजारून घागरी मागतो. ऊन आहे, घोषणा देऊन मुलांना तहान लागते." आणि ते खरोखर शेजारच्या दाराशी गेले. शेजारच्यांनी दार उघडलं नाही. आत माणसं होती, कडी सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला. सर मग परत येऊन घरातल्याच दोन घागरी घासायला बसले.

त्यांना समजलं नाही, असं मला वाटत नाही. त्यांना सगळं समजलं आहे.

थावरू, आपलं भांडण मी अर्ध्यावर सोडलेलं नाही. परकी भाषा येत नाही म्हणून माणसाचं शिकलेलं सगळं शून्य करणारा नियम जुलमी आहे. तो मोडला पाहिजे. मी तो मोडेपर्यंत लिहीन. तू असतास तर म्हणाला असतास, मोड, पण मोडून तिथं काय ठेवशील ते सांग, आणि माझ्या याडीला विचारून ठेव. हे मी आता कुठल्याही पत्रकात विसरणार नाही. एवढं तू माझ्यात घालून गेलास. तुझ्याआधी मला वाटायचं, बाजू घेतली की काम झालं.

पण तुझं मढं मी त्या कामाला देणार नाही. तू इंग्रजीचा बळी नव्हतास. तू इंग्रजीशी झुंजत होतास, आणि शेवटचा प्रश्न तुला समजला होता. ज्या दिवशी तुला बळी म्हणतील त्या दिवशी तुझा निकाल पुन्हा लागेल, आणि या वेळी तो लावणारे आपलेच असतील.

म्हणून मी वसंताच्या पत्रकाच्या जागी हे जुळवलं आहे. बाबा खिळे जुळवायला बसले, मी वाचून दाखवत गेलो. मोठा टाइप वापरलेला नाही. मोठ्या टायपाचे खण बाबांनी आज उघडलेच नाहीत. मोर्चा चौकातून वळेल आणि चर्चमागच्या गल्लीत येईल. ती गल्ली अरुंद आहे, चार माणसं शेजारी शेजारी चालली की भरते. पुढच्या रांगेत बहुतेक तुझ्याच वर्गातली मुलं असतील. त्यांच्या एका हातात काही ना काही असेल. दुसरा मोकळा असेल.

त्या मोकळ्या हातात मी हा कागद देणार आहे. मी सरांच्या पायरीवर बसणार आहे, दाराला पाठ लावून. त्यांनी वाचावं. वाचून मग काय करायचं ते त्यांनी करावं, पण आधी वाचावं. मला त्यांच्याकडून तेवढाच वेळ हवा आहे, चार पानं वाचायला लागतो तेवढा.